दोष कोणाचा?

एकत्र कुटुंबांत एकादी वस्तु बिघडली म्हणजे ती उघडून पाहण्यापूर्वीं तिला शेवटीं कोणाचा हात लागला होता याची चौकशी सुरू होते. मिक्सर बंद पडला, नळ गळूं लागला, दूरदर्शनचा पडदा काळा झाला, कीं "काल तेथें कोण होतें?" हा पहिला प्रश्न. ही चौकशी सर्वस्वी निरर्थक असते असें आम्ही म्हणत नाहीं. दहा माणसांनीं एका छपराखालीं नांदावयाचें तर जबाबदारी कोणाकडे तरी असलीच पाहिजे. परंतु वस्तु कां बिघडली आणि वस्तूजवळ शेवटीं कोण होतें, हे दोन प्रश्न अगदीं निराळे आहेत. दुसऱ्याचें उत्तर मिळालें कीं पहिल्याचेंहि मिळालें असें समजण्याची जी खोड आपणां सर्वांस आहे, तिच्याविषयीं आज चार शब्द लिहावयाचे आहेत. निमित्त आहे आमच्या पुतण्याच्या ऑसिलोस्कोपचें.

हें यंत्र आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें नसेल, म्हणून प्रथम त्याची ओळख करून देणें अवश्य आहे. आपल्या भाषेंत त्यास दोलनदर्शक म्हणतां येईल. मुलें नुसतें 'स्कोप' म्हणतात. विजेचा दाब मोजण्याचें साधें मीटर एक आंकडा दाखवितें, पण तो दाब क्षणोक्षणीं कसा चढतो-उतरतो हें त्या आंकड्यावरून कळत नाहीं. रोग्याचा आजचा ताप किती हें सांगणें निराळें आणि आठ दिवसांच्या तापाचा आलेख काढणें निराळें. मीटर आणि स्कोप यांच्यांत अंतर आहे तें असेंच. स्कोपच्या पडद्यावर आडव्या दिशेनें काळ आणि उभ्या दिशेनें दाब मांडला जातो. आपल्या घरांतील वीज २३० व्होल्टची म्हणतात. ती सेकंदांत ५० आवर्तनें करते, म्हणजे तिची एक लाट २० मिलिसेकंदांत पुरी होते. आणि त्या लाटेचा माथा २३० वर न थांबतां सुमारें ३२५ व्होल्टपर्यंत जातो. साध्या मीटरवर न दिसणारी ही गोष्ट लाटेच्या चित्रांत मात्र स्पष्ट दिसते.

या विद्येचा आरंभ १८९७ सालीं झाला. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनीं स्ट्रासबुर्ग येथें ऋणकिरणांची नळी तयार करून विजेची लाट प्रकाशाच्या ठिपक्यानें रेखाटून दाखविली. १९०९ सालीं मार्कोनी यांच्याबरोबर ब्राउन यांस नोबेल पारितोषिक मिळालें, तें मात्र बिनतारी संदेशाच्या कार्याबद्दल. पुढें १९४७ मध्यें अमेरिकेंतील टेक्ट्रॉनिक्स कंपनीनें '५११' हा स्कोप बाजारांत आणला. लाट ठराविक उंचीस पोंचली कीं तेथूनच रेखाटणें सुरू करावयाचें, या युक्तीमुळें धांवती लाट त्याच्या पडद्यावर एका जागीं स्थिर उभी राहूं लागली. ते सर्व स्कोप जड, महाग आणि कांचेच्या नळ्यांचे होते. हल्लींचा स्कोप डिजिटल आहे. तो लाट सरळ रेखाटीत नाहीं. सेकंदांत लक्षावधि किंवा कोट्यवधि वेळां तिचें माप घेतो, प्रत्येक मापाची संख्या करतो, त्या संख्या स्मरणांत ठेवतो आणि मग त्यांवरून चित्र काढतो. सर्वसाधारण डिजिटल स्कोपांत ही संख्या आठ बिटांची असते, म्हणजे पडद्याच्या उंचीच्या २५६ पायऱ्या होतात.

या मोजण्याचा, स्मरणाचा आणि रेखाटण्याचा सारा क्रम यंत्राच्या स्मृतींत लिहून ठेवलेला असतो. त्या लेखनास 'फर्मवेअर' म्हणतात. हा शब्द अ‍ॅशर ऑप्लर या अमेरिकन लेखकानें १९६७ सालीं प्रथम वापरला. आम्हीं जन्मभर संस्कृत शिकविलें, म्हणून आम्हांस त्याची उपमा अशी सुचते : यंत्राचे सुटे भाग म्हणजे शिष्याचें शरीर, आणि फर्मवेअर म्हणजे त्यास मुखोद्गत असलेला पाठ. पाठ चुकीचा असेल तर शरीर कितीहि धडधाकट असो, म्हणणें चुकीचेंच होणार. उलट पाठ शुद्ध असून घसा बसला असेल, तर पाठ बदलून काय उपयोग?

आतां प्रकरणाकडे वळूं. आमचा हा पुतण्या अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षास आहे. तीन वर्षांच्या ओवाळणीचे पैसे, शिकवणीचे थोडे, आणि उरलेले आजीनें दिलेले, असे मिळून त्यानें पुण्याच्या तपकीर गल्लींतून हा दोन वाहिन्यांचा स्कोप आणला. जिन्याखालच्या कोनाड्यांत त्याची प्रयोगशाळा आहे. गेल्या दिवाळीच्या सुटींत यंत्र बनविणाऱ्यांनीं नवें फर्मवेअर प्रसिद्ध केलें. मुलानें तें पेनड्राइव्हवर उतरवून घेऊन यंत्रांत चढविलें. त्याच आठवड्यांत तक्रारींस आरंभ झाला. यंत्राच्या स्वतःच्या चौकोनी लाटेचे कोपरे गोल दिसूं लागले. कांहीं न जोडतांहि रेघ शून्याच्या वर बसूं लागली. यंत्र मधूनच आपोआप बंद होऊन पुन्हां सुरू होऊं लागलें. आणि पडद्याचें चित्र पेनड्राइव्हवर साठवावयास जावें तर तें जागच्या जागीं गोठून राही.

आमचे वडील बंधु, म्हणजे मुलाचे वडील, दादा, हे बँकेंत मोठ्या हुद्द्यावर होते. हिशेब चुकला तर शेवटची नोंद कोणाची हें पाहण्याची त्यांची जन्माची संवय. त्यांनीं निकाल दिला : चांगलें चाललेलें यंत्र ह्यानें खाजवून खाजवून बिघडविलें. तेवढ्यावर थांबते तरी चालतें. सहामाही परीक्षेंत एका विषयांत मुलाचे गुण कमी पडले होते. त्याचाहि संबंध दादांनीं या यंत्राशीं जोडला, आणि तें विकून टाकावें असें ठरविलें. मुलगा उलट बोलला नाहीं. पण त्या दिवसापासून तो वडिलांच्या पंगतीस बसेना, आणि पुढील वर्षीं वसतिगृहांत राहण्याची चौकशी त्यानें सुरू केली, हें वहिनींनीं आम्हांस डोळ्यांत पाणी आणून सांगितलें. यंत्राची किंमत कांहीं हजार रुपये होती. पण आतां पणास लागलें होतें तें निराळेंच होतें.

आम्ही दादांकडे गेलों. "तूं त्याची बाजू घेऊं नकोस," ते म्हणाले.

"बाजू घेत नाहीं, दादा. आठ दिवस विकूं नका, एवढेंच सांगतों. दोष कोणाचा तें आधीं कळूं द्या."

"कळावयाचें काय राहिलें? नवें घातलें आणि बिघडलें."

येथेंच आम्हांस आपल्या जुन्या शास्त्रांतील काकतालीय न्याय आठवला. ताडावर कावळा बसावयास आणि फळ पडावयास एकच गांठ पडावी. त्यावरून कावळ्यानें फळ पाडलें असें ठरत नाहीं. एकामागून एक घडलेल्या दोन गोष्टींत कार्यकारणसंबंध आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं शास्त्रकारांनीं अन्वय आणि व्यतिरेक अशा दोन कसोट्या सांगितल्या आहेत. कारण असेल तेथें कार्य दिसलें पाहिजे; कारण काढून घेतलें तर कार्यहि नाहींसें झालें पाहिजे. दोन्ही कसोट्यांस उतरेल तेंच कारण. आम्हीं मुलास एवढेंच सांगितलें कीं तुझ्या चार तक्रारी ही एक तक्रार समजूं नकोस. प्रत्येकीस ह्या दोन कसोट्या निरनिराळ्या लाव, एका वेळीं एकच गोष्ट बदल, आणि काय बदललें व मग काय दिसलें तें वहींत लिहून ठेव. यंत्रविद्या त्याची, तर्क आमचा, अशी वांटणी झाली.

पहिली तक्रार गोल कोपऱ्यांची. स्कोपला विजेची लाट पोंचविणाऱ्या तारेस प्रोब म्हणतात. नेहमींच्या प्रोबवर 'एक पट' आणि 'दहा पट' असें बटण असतें. दहा पटीच्या जागीं असतांना प्रोबमधील ९ मेगओहमचा रोध स्कोपच्या १ मेगओहमच्या पुढें उभा राहतो आणि दाबाचा दहावा हिस्सा आंत जाऊं देतो. पण रोधाबरोबर थोडी विद्युत्‌धारणाहि असते, आणि प्रोबची व स्कोपची ही धारणा परस्परांशीं जुळलेली नसेल तर चौकोनी लाटेचे कोपरे गोल तरी होतात, नाहीं तर शिंगें फुटल्यासारखे वर तरी येतात. ती जुळविण्यासाठीं प्रोबवर एक इवलासा स्क्रू असतो, आणि तो फिरवितांना पाहावयास म्हणून यंत्राच्या दर्शनी भागावर एक किलोहर्ट्‌झची चौकोनी लाट सदैव ठेवलेली असते. मुलानें पहिल्या वाहिनीचा प्रोब दुसरीस आणि दुसरीचा पहिलीस लावला. गोल कोपरे प्रोबबरोबर दुसऱ्या वाहिनीवर गेले! यंत्र तेंच, फर्मवेअर तेंच. दोष मात्र तारेबरोबर चालला. मग त्यास आठवलें कीं जुन्या प्रोबची चिमटी तुटल्यामुळें त्याच आठवड्यांत त्यानें नवा प्रोब आणला होता, आणि तो जुळवून घेण्याचें राहून गेलें होतें. स्क्रू पाव फेरा फिरवितांच कोपरे काटकोनांत आले. ही तक्रार फर्मवेअरच्या नांवावरून काढली.

दुसरी, रेघ वर बसण्याची. दोन्ही प्रोब काढून ठेवले, आंत कांहींच जाऊं नये अशी व्यवस्था केली, तरी रेघ शून्याच्या किंचित् वरच. म्हणजे दोष बाहेरचा नव्हे, यंत्रांतलाच. माहितीपुस्तिका उघडून पाहिली तेव्हां त्यांत स्पष्ट छापलेलें निघालें कीं नवें फर्मवेअर चढविल्यावर यंत्र अर्धा तास तापूं द्यावें, सर्व प्रोब काढावेत आणि 'स्वयं-अंशांकन' चालवावें. या क्रियेंत यंत्र आपलीं मापें स्वतःच तपासून शून्य कोठें तें नव्यानें ठरवितें. मुलानें उत्साहाच्या भरांत तें पान वाचलें नव्हतें. अर्धा तास वाट पाहून ती क्रिया चालविली आणि रेघ शून्यावर येऊन बसली. येथें दादांचें म्हणणें खरें ठरलें हें आम्हीं त्यांस जाऊन सांगितलें. नवें घातलें म्हणून हा दोष आला होता. मात्र तो बिघाड नसून अपुरा राहिलेला विधि होता.

तिसऱ्या तक्रारीनें पुष्कळ दिवस खाल्ले, कारण ती मनास येईल तेव्हां येई. आपोआप बंद पडणारें यंत्र म्हटलें कीं कोणासहि आंतील पाठच बिघडला असें वाटावें. पण मुलानें आधीं वीज कोठून येते तें पाहिलें. स्कोप ज्या लांब तारेच्या फळीवर लावला होता, तिची जोडणी सैल होती. फळी काढून यंत्र भिंतींतील सॉकेटला लावलें. तीन दिवस एकदांहि बंद पडलें नाहीं. येथें थांबला असता तर केवळ व्यतिरेक झाला असता. त्यानें अन्वयासाठीं फळी पुन्हां लावली. दुसऱ्या दिवशीं यंत्र बंद पडलें. ती फळी दादांच्या जुन्या टेबलाजवळची होती. हें वहींत लिहिलें गेलें, पण जेवतांना कोणी बोललें नाहीं. दुसऱ्या दिवशीं दादा संध्याकाळीं फिरून आले ते नवी फळी घेऊनच.

राहिली चौथी. चित्र साठवितांना गोठणें तीन निरनिराळ्या पेनड्राइव्हांवर घडलें, भिंतीच्या सॉकेटवर घडलें, प्रोब नसतां घडलें. सारें बदललें तरी दोष हटेना. जें बदललें नव्हतें तें एक फर्मवेअर. आणि थोड्याच दिवसांत बनविणाऱ्यांनीं त्याची पुढची आवृत्ति काढली, तिच्या सुधारणांच्या यादींत हाच दोष दुरुस्त केल्याचें नमूद होतें. एतावता चार तक्रारींपैकीं एक तारेची, एक अपुऱ्या विधीची, एक फळीची आणि एक खरोखर नव्या पाठाची. सर्व दोष मुलाच्या माथीं मारणें जितकें चुकीचें होतें, तितकेंच सर्व दोष यंत्र बनविणाऱ्यांच्या माथीं मारणेंहि चुकीचें झालें असतें.

आतां खरा पेंच पुढें आला. पुढची आवृत्ति चढवावी कीं नाहीं? दादांनीं विचारलें, "चित्र साठवितां येत नाहीं एवढेंच ना? बाकी चालतें आहे. मग पुन्हां हात कशास लावावयाचा?" हा प्रश्न फार शहाणपणाचा आहे, आणि नवेपणाच्या हौसेपायीं तो कोणी विचारीत नाहीं म्हणूनच पुष्कळ यंत्रें वायां जातात. फर्मवेअर ज्या स्मृतींत असतें, तींत नवें लिहिण्यापूर्वीं जुनें पुसावें लागतें. पुसणें झालें आणि लिहिणें पुरें होण्याच्या आधीं वीज गेली, तर यंत्राजवळ जुना पाठहि नाहीं आणि नवाहि नाहीं. त्रिशंकूप्रमाणें तें मध्येंच लोंबकळतें. कांहीं यंत्रांत आरंभींचा लहानसा पाठ निराळा व सुरक्षित ठेवलेला असतो, त्याच्या आधारें त्यास पुन्हां उठवितां येतें. पण तशी सोय सर्वच यंत्रांत असते असें नाहीं.

दुसरा धोका अस्सल-नकलीचा. 'डीएसओ १३८' नांवाचा एक लहानसा जोडसंच जगभरच्या हौशी मंडळींत फार प्रसिद्ध आहे. एकच वाहिनी, २०० किलोहर्ट्‌झपर्यंतची झेप, सेकंदास दहा लक्ष मापें, २.४ इंचांचा पडदा, आणि सारें आपल्या हातानें डाक देऊन जोडावयाचें. त्याच्या नकला बाजारांत पुष्कळ निघाल्या. अशा नकली पाटीवर मूळ बनविणाऱ्याचें नवें फर्मवेअर चढविलें तर ती पाटी निकामी होऊं शकते. म्हणून आपलें यंत्र कोणत्या जातीचें, त्याची पाटी कितव्या आवृत्तीची, त्यांत आज कोणतें फर्मवेअर आहे, हें यंत्राच्या माहितीच्या पानावरून उतरून घेतल्यावांचून पुढें पाऊल टाकूं नये. आणि फाइल घ्यावयाची ती बनविणाऱ्यांकडूनच घ्यावी, कोणा स्नेह्यानें दिलेली नव्हे.

मुलानें दादांस दिलेलें उत्तर आम्हांस पसंत पडलें. तो म्हणाला, "बाबा, नवें निघालें म्हणून मी चढवीत नाहीं. माझी अडचण त्यांच्या यादींत आहे म्हणून चढवितों. नसती तर आहे तेंच ठेवलें असतें." दिवाळींत त्यानें ही यादी वाचलीच नव्हती, हेंहि त्यानें आपण होऊन सांगितलें. दादा कांहीं बोलले नाहींत. पण रविवारीं सकाळीं त्यांनीं आपल्या संगणकाचा यूपीएस स्वतः उचलून जिन्याखालीं आणून ठेवला. पेनड्राइव्ह यंत्रास मानवेल अशा रीतीनें नव्यानें सिद्ध केला होता. त्यावर ती एकच फाइल. प्रोब काढले. यंत्रांतील जुळण्या लिहून घेतल्या. मग चार मिनिटें यंत्रास कोणीं हात लावला नाहीं. देव्हाऱ्यांत आजीनें उदबत्ती लावली होती ती याच कार्यासाठीं कीं नित्याची, हें आम्हीं विचारलें नाहीं.

नवी आवृत्ति बसली. आवृत्तीचा क्रमांक पडताळून पाहिला, अर्धा तास यंत्र तापूं दिलें, स्वयं-अंशांकन झालें, दोन्ही प्रोब चौकोनी लाटेवर जुळविले, आणि चित्र पेनड्राइव्हवर उतरलें. या वेळीं विधि अपुरा राहिला नाहीं.

या सर्वाचा उपयोग काय, असें आमच्या वाचकभगिनी विचारतील. वहिनी गातात. त्यांचा विजेवर चालणारा तंबोरा कांहीं महिने स्वराखालीं एक घोगरी गुणगुण करीत होता, आणि तो आतां टाकून द्यावा असें ठरत आलें होतें. मुलानें त्याच्या आंतील रोहित्राच्या अलीकडच्या, कमी दाबाच्या बाजूस प्रोब लावून पाहिला, तों सरळ असावयास हवी ती रेघ दर १० मिलिसेकंदांनीं हेलकावे खात होती. म्हणजे सेकंदास १०० वेळां. घरच्या ५० आवर्तनांच्या विजेची प्रत्येक लाट सरळ करतांना दोन उंचवटे होतात, ते भरून काढणारा धारक वाळून गेला होता. नवा धारक बसविला, रेघ सपाट झाली आणि काळी चारचा षड्‌ज पूर्ववत् स्वच्छ लागला. येथें एक इशारा देणें आमचें कर्तव्य आहे. विजेवर चालणाऱ्या स्कोपच्या प्रोबची जमिनीची चिमटी आंतून घरच्या अर्थिंगलाच जोडलेली असते. ती चिमटी सरळ घरच्या विजेच्या तारेस लागली तर ठिणगी उडून यंत्र आणि प्रसंगीं माणूसहि जावयाचें. भिंतींतील वीज साध्या प्रोबनें पाहण्याचा मोह कोणीं धरूं नये.

आणखी एक गोष्ट मुलानें दाखविली ती आम्हांस विशेष बोधप्रद वाटली. सेकंदास दहा लक्ष मापें घेणाऱ्या स्कोपास सेकंदांत दहा लक्ष एक हजार आवर्तनें करणारी लाट दिली, तर पडद्यावर हजार आवर्तनांची सुरेख, शांत लाट दिसते. ती लाट कोठेंच नसते! मापें फार विरळ घेतल्यामुळें खऱ्या लाटेच्या जागीं ही खोटी उभी राहते. दोरीवर साप दिसावा तसा हा प्रकार. फरक एवढाच कीं येथें भ्रम माणसास होत नसून यंत्रास होतो, आणि माणूस यंत्रावर विसंबतो. यावर उपाय म्हणजे काळाची पट्टी बदलून, मापें दाट करून पुन्हां पाहणें. खरी लाट टिकते. खोटी आपलें रूप पालटते.

ज्या पद्धतीनें जिन्याखालचें हें यंत्र दुरुस्त झालें, तिचेंच एक थोर उदाहरण अलीकडे जगानें पाहिलें. अमेरिकेनें ५ सप्टेंबर १९७७ रोजीं सोडलेलें 'व्हॉयेजर १' हें यान नोव्हेंबर २०२३ मध्यें अर्थहीन आंकडे पाठवूं लागलें. यान पृथ्वीपासून सुमारें २,४०० कोटी किलोमीटर दूर. निरोप जावयास साडेबावीस तास आणि उत्तर यावयास तितकेच. उघडून पाहण्याचा प्रश्नच नव्हता. मार्च २०२४ मध्यें त्याच्या स्मृतींतील सर्व मजकूर मागवून घेऊन तो बिघाडापूर्वींच्या मजकुराशीं ताडून पाहण्यांत आला, तेव्हां एका चकतीचा भाग निकामी झाल्याचें कळलें. सारा मजकूर मावेल अशी एकहि रिकामी जागा नव्हती. म्हणून त्याचे तुकडे करून ते निरनिराळ्या ठिकाणीं बसविले. १८ एप्रिल २०२४ रोजीं निरोप गेला आणि २० तारखेस यानानें आपल्या प्रकृतीचें नीट वर्तमान कळविलें. एवढ्या खटाटोपांत त्या मंडळींनीं पहिली गोष्ट कोणती केली? पूर्वीं काय होतें आणि आतां काय आहे, हें शेजारीं शेजारीं मांडून पाहिलें. पूर्वींचा मजकूर कोणीं तरी जपून ठेवला होता म्हणूनच हें साधलें.

म्हणून आम्ही आमच्या तरुण वाचकांस सुचवितों कीं यंत्र चांगलें चालत असतांनाच त्याच्या चौकोनी लाटेचें एक चित्र काढून ठेवावें आणि आवृत्तीचा क्रमांक वहींत लिहावा. आणि वडील मंडळींस सुचवितों कीं निकाल देण्याची घाई करूं नये. मुलाचें चुकलें असेल तर तें अन्वय-व्यतिरेकानेंहि चुकलेलेंच ठरेल. आठ दिवसांनीं ठरलें म्हणून कांहीं बिघडत नाहीं. पण तें ठरण्यापूर्वींच त्यास दोषी केलें, तर पुढें निर्दोष ठरूनहि मनाचा सैल झालेला सांधा लवकर बसत नाहीं. त्यास स्क्रू नसतो. आमच्या घरीं वसतिगृहाची गोष्ट पुन्हां निघाली नाहीं. कमी पडलेल्या विषयाचा अभ्यास मुलगा आतां दादांच्या खोलींत बसून करतो. त्यांच्यांत बोलणें अजून बेताचेंच असतें, पण पंगत एक झाली आहे.

ती वही अद्याप जिन्याखालीं आहे. परवां कैरीच्या लोणच्यास बुरशी आली तेव्हां आजीनें ती वही मागितली आणि बरणी, मीठ, तेल, जागा यांचा विचार क्रमानें केला. शेवटीं बरणींत ओला चमचा घालणारा नातू सांपडला. तेथें मात्र हात कोणाचा लागला हाच प्रश्न बरोबर ठरला, हेंहि प्रामाणिकपणें नमूद केलें पाहिजे.